कराराबाहेरचं पाणी

आश्विन लागला की बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या बाजूला, सकाळी भाताचा वास सुटतो. दाणा भरत आलेला असतो, लोंब्या वाकलेल्या असतात, बांधावरचं गवत दवाने जड झालेलं असतं. ऊन वर चढायच्या आधी तो कोमट, दुधाळ वास रस्त्यापर्यंत येतो. आमच्या भागात मात्र तो एकटा येत नाही. औद्योगिक वसाहतीकडून वारा वाहिला की त्यात दुसरा वास मिसळतो. कधी कुजक्या लसणासारखा, कधी जुन्या नेलपॉलिशसारखा. इथे वाढलेल्या माणसाला दोन्ही सवयीचे. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावतात आणि मग आपल्याला आठवतं, अरे हो, वास येतोय.

मला या दिवसांत अजूनही अस्वस्थ वाटतं. यंदा तर जरा जास्तच. टीव्हीवर रोज कुठल्यातरी युद्धाची चित्रं चालू आहेत. विषारी वायू वापरला म्हणून एक देश दुसऱ्यावर आरोप करतो आहे, दुसरा म्हणतो आहे की पुरावा दाखवा. तज्ज्ञ म्हणून बोलावलेली माणसं करार मोडीत निघाले, आता कोण कोणाला विचारतो, असं हात उडवून सांगतात. मी आवाज बंद करते. पण एक जुना आश्विन आत चालू होतो आणि तो बंद करता येत नाही.

मी तेव्हा बदलापूरच्या एका रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळेची प्रमुख होते. कंपनी मध्यम आकाराची, मालक उल्हासनगरचे चांदवानी शेठ. पिकांवर फवारायच्या औषधांना लागणारा कच्चा माल आम्ही बनवायचो. त्यात फॉस्फरसची काही संयुगं यायची. ही संयुगं मोठी दुतोंडी. एका वाटेने गेलं की भातावरची अळी मारणारं औषध होतं. वाट मध्येच बदलली की माणसाचे मज्जातंतू बंद पाडणारं विष होतं. सुरुवात तीच आणि भांडीही जवळपास तीच. म्हणून जगातल्या बहुतेक देशांनी मिळून एक करार केलेला आहे. रासायनिक शस्त्रं बनवायची नाहीत, साठवायची नाहीत, असतील ती नष्ट करायची. आणि नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. त्या कराराची कचेरी युरोपात हेगला आहे. तिथले निरीक्षक देशोदेशींच्या कारखान्यांत जातात, भांडी बघतात, पाइप कुठून कुठे जातो ते बघतात, आणि इथे शस्त्र बनत नाही याची खात्री करून परत जातात.

तर त्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, दिल्लीहून फोन आला की निरीक्षक आमच्याकडे येत आहेत. हाताशी दिवस थोडेच होते. शेठ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. गोरा, जाडसर, गळ्यात बारीक साखळी घातलेला माणूस. एरवी शांत असायचे. त्या दिवशी त्यांना दम लागला होता.

“मॅडम, आपण काय चोरी केली? आपल्याकडेच का?” त्यांनी विचारलं.

मी समजावलं की चोरी असो नसो, ते सगळीकडे जातात, परदेशातल्या बड्या कंपन्यांतही जातात. इंग्रजी बरं आणि रसायनशास्त्र पक्कं म्हणून त्यांच्याबरोबर फिरायचं काम माझ्यावर आलं.

मग कारखान्यात लग्नघराची धावपळ सुरू झाली. पाइपांना पिवळा, हिरवा, निळा रंग लागला. गेटजवळच्या जास्वंदी छाटल्या. जनाबाई, आमच्याकडे कंत्राटावर झाडलोट आणि बागकाम करणारी, सकाळपासून खराटा घेऊन उभी असायची. कारखान्याच्या मागची भिंत ओलांडली की उतार लागतो. उतारावर भाताची खाचरं आणि खाली ठाकर आदिवासींची वाडी. जनाबाई त्या वाडीतली. हाडाने काटक, वयाचा अंदाज न येणारी, बोलायला सडेतोड.

तिने मला विचारलं, “बाय, ते भायेरचे सायेब वासाचं बघाया येतान का?”

वासाचं नाही, मी म्हटलं. इथे लढाईतलं विष बनतं का ते बघायला येतात.

ती थोडा वेळ झाडत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी लांबच्या मानसांना मारायचं.”

मी हो म्हटलं आणि आत निघून गेले. कामं पडली होती.

निरीक्षकांच्या पथकात चार-पाच माणसं होती. त्यांच्याबरोबर दिल्लीहून आलेले आपले एक सरकारी अधिकारी होते, सौम्य आणि सावध. पथकातला माझ्या लक्षात राहिलेला माणूस म्हणजे फरहाद. इराणच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातला. चाळिशीचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. त्याला खोकला होता. सारखा नाही, पण जिना चढला की थांबून, तोंडाला रुमाल लावून खोकायचा आणि मग माफी मागायचा. मीटिंगच्या खोलीत एसी लावला होता. त्याने आल्या आल्या खिडकी उघडायची परवानगी मागितली आणि दोन दिवस खिडकीजवळच बसला.

पहिला दिवस तसा सरळ गेला. मी त्यांना रिअ‍ॅक्टर दाखवले, टाक्या दाखवल्या. फरहाद एखाद्या पाइपाखाली उभा राहायचा, नजरेने तो पाइप शेवटपर्यंत चालायचा आणि मगच पुढे सरकायचा. त्याचे प्रश्न साधे असायचे. हे भांडं शेवटचं कधी उघडलं? हा व्हॉल्व्ह इथे का? उत्तर ऐकताना तो आपल्या तोंडाकडे बघायचा, कागदाकडे नाही. आपण खरं बोलत असलो तरी अशा नजरेपुढे एकेक शब्द मोजायला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

चहाच्या आधी आम्ही मागच्या भिंतीकडे आलो. तिथे पत्र्याची एक जुनी शेड होती. दाराला मोठं कुलूप. रंगरंगोटीत ती सुटली होती, किंवा सोडली होती.

“यात काय आहे?” फरहादने विचारलं.

माझ्याआधी शेठच बोलले. जुनं भंगार आहे, किल्ली ज्याच्याकडे असते तो गावी गेला आहे.

फरहादने मान डोलावली. सरकारी अधिकाऱ्यांनी शेठना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं की ही जागा दाखवणं तुमच्यावर सक्तीचं नाही, तुम्ही नाही म्हणू शकता. पण नाही म्हटल्याची नोंद होईल आणि मग ती नोंद कुठवर जाईल हे माझ्या हातात नाही.

मी त्या कुलपाकडे बघत उभी होते. आठ-नऊ वर्षं मी त्या कारखान्यात काम करत होते. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या शेडजवळच्या करंजाखाली डबा खायचे. आत भंगार आहे हे मीही धरून चालले होते. पण एका परक्या माणसाने तीन शब्दांचा प्रश्न विचारला आणि शेठ माझ्याआधी बोलले, आणि माझी ती खात्री गेली. ते माझ्याआधी का बोलले? किल्ली गावी का जाते? रात्रपाळीला मी कधीच नसायचे. रात्री तिथे काय चालतं हे मी कशाच्या भरवशावर सांगत होते?

त्या संध्याकाळी घरी न जाता मी अंबरनाथला वडिलांकडे गेले. ते अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात, पितळी काडतुसांच्या खात्यात आयुष्यभर होते. निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली होती. आमचं अख्खं बालपण त्या कारखान्याच्या भोंग्यावर चाललं. भोंगा झाला की शाळेचा डबा, भोंगा झाला की बाबा घरी. आम्हा मुलांना त्या नोकरीचा अभिमान होता. बाबा देशाचं रक्षण करतात असं आम्ही शाळेत सांगायचो.

बाबा गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. मी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही बनवलेली काडतुसं कुठे जातात, असं तुम्ही कधी विचारलं होतं का?

ते तांब्या हातात धरून उभे राहिले. म्हणाले की सैन्यात जातात, आणखी कुठे जाणार. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमच्या खात्यात विचारायची पद्धत नव्हती गं. आपलं माप बरोबर आलं की झालं. पण तुझ्यासारखी शंका आली असती, तर मी विचारलं असतं की नाही, ते मला सांगता यायचं नाही.”

आईने पोहे केले. मला खाववले नाहीत. कुलपाचा विचार डोक्यातून जाईना. आत ते असलं तर? मी तपासलेले नमुने, मी सही केलेला माल, त्याच्या आडून दुसरंच काही जात असलं तर? जगातल्या कुठल्यातरी गावात एखादं बाळ श्वासासाठी तडफडत असेल आणि त्या विषाची सुरुवात बदलापुरात, माझ्या करंजाच्या सावलीत झालेली असेल, असं चित्र मी स्वतःला दाखवत बसले. हे खरं नसणार हे मला पटत होतं. पण पटणं आणि बघणं यांत केवढं अंतर असतं! त्या कराराला माणसं पाठवावी लागतात, ती याच अंतरासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पथक यायच्या आधी, मी शेठच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं.

“शेठ, शेडमध्ये काय आहे?”

ते काचेच्या पेपरवेटशी खेळत राहिले. मी उभी राहिले.

“कचरा है, मॅडम,” ते शेवटी म्हणाले. “अपनाही कचरा. खालचा गाळ. उचलायला गाड्या यायच्या त्या बंद झाल्या, मग ठेवला, मग राहूनच गेला. प्रदूषणवाले बघतील तर कारखाना बंद करतील. बम-बिम काही नाही, मेरी माँ की कसम.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कचऱ्याचं काहीच वाटलं नाही. शस्त्र नाही, एवढंच ऐकू आलं. मी त्यांना म्हटलं की मग उघडा. तुमचा कचरा तुमच्या कारखान्याला बुडवेल, पण हे बंद दार अख्ख्या देशाला उत्तर द्यायला लावेल. आत काय आहे हे त्यांना माहीत नाही, म्हणून त्यांच्या मनात आत काहीही असू शकतं. माझ्याही मनात काल रात्रभर होतं.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यावर संशय घेतला हे त्यांना लागलं असावं. त्यांनी खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

दार उघडलं तेव्हा आधी वास बाहेर आला. मग अंधारात पिंपं दिसायला लागली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकावर एक. काही गंजून फुटली होती आणि त्यांतून डांबरासारखा काळा गाळ जमिनीवर उतरला होता. आमचे सेफ्टी ऑफिसर मागे सरले. फरहादने मुखवटा चढवला, हातातलं यंत्र पुढे धरलं आणि आत गेला. त्याचे सहकारी मागोमाग. मी दारात उभी. यंत्र काही क्षण टिकटिकलं, मग शांत झालं. त्यांनी पिंपांवरच्या खुणा पाहिल्या, मला गाळ कुठल्या टप्प्यावरचा ते विचारलं, मी सांगितलं. सगळं जुळलं. हा औषधाचाच गाळ होता. शस्त्राचा इथे काही संबंध नव्हता.

सरकारी अधिकाऱ्यांनी सुस्कारा सोडला. शेठनी कपाळ पुसलं. सगळे बाहेर पडून करंजाखाली आले. फरहाद मात्र आतच रेंगाळला. तो उकिडवा बसला होता. जमिनीवरच्या काळ्या ओघळावरून त्याची नजर चालत होती, पाइपावरून चालायची तशीच. ओघळ भिंतीपर्यंत गेला होता आणि भिंतीखालच्या भोकातून पलीकडे.

“पलीकडे काय आहे?” त्याने मुखवटा काढून विचारलं.

उतार आहे, मी म्हटलं. भाताची शेतं आहेत. खाली एक वाडी आहे.

“ते पाणी कुठलं पितात?”

उतारावर झरा होता. जनाबाईची वाडी त्या झऱ्यावर होती, पिढ्यान् पिढ्या. मला हे माहीत होतं. तीच मला उन्हाळ्यात सांगायची की तुमच्या कारखान्याच्या फिल्टरपेक्षा आमच्या झऱ्याला गोडी आहे. मी त्याला हे सांगितलं.

तो उठला. गुडघे झटकले. मी आशेने त्याच्याकडे पाहिलं असणार, कारण त्याने लगेच नकारार्थी मान हलवली. याचा नमुना मी घेऊ शकत नाही, तो म्हणाला. हे माझ्या कामात येत नाही. उलट माझ्या कामाशी संबंध नसलेलं इथे जे पाहिलं, ते बाहेर बोलायचं नाही असं आमच्यावर बंधन आहे. ते बंधन नसेल तर कुठलाही देश आम्हाला दार उघडणार नाही.

मग तो म्हणाला, “मी बांधलेला आहे. तुम्ही आहात का, ते मला माहीत नाही.”

दुपारी डबे उघडले तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला भाकरी आणि अळूची भाजी दिली. त्याने अळूचं फदफदं बोटांनी चाखलं आणि अगदी सावकाश खाल्लं. त्याच्या खोकल्याबद्दल मी विचारलं नव्हतं. त्यानेच सांगितलं. लहान असताना, शेजारच्या देशाशी युद्ध चालू होतं तेव्हा, त्यांच्या गावावर विमानं आली. बॉम्ब पडले पण फार मोठा आवाज झाला नाही. लोकांना तोवर साध्या बॉम्बची सवय झालेली होती, म्हणून सगळे तळघरात पळाले. पण या बॉम्बांत विषारी वायू होता, आणि तो हवेपेक्षा जड असतो. तो खाली उतरला. जे वर, गच्चीवर राहिले, ते बरेचसे वाचले. त्याची आई त्याला आणि धाकट्या बहिणीला घेऊन आधी तळघरात गेली आणि मग कशी कोण जाणे, पुन्हा वर आली. बाहेर पडल्यावर लोकांच्या अंगाची आग होत होती, म्हणून ते हौदातल्या पाण्याने अंग धुवायला धावले. हौदावरही तेच पडलेलं होतं.

“बहीण लहान होती,” तो म्हणाला. “तिला आईने आधी धुतलं.”

वाऱ्याने करंजाची पानं हलत होती. भिंतीपलीकडून कुणीतरी बैलाला हाकत होतं. थोड्या वेळाने त्याने डब्याचं झाकण स्वच्छ पुसून मला परत दिलं. जगात इतकी मोठमोठी पदं, इतक्या सभा, इतके ठराव, आणि त्यांच्या टोकाला हा असा, खोकत पाइपामागून चालणारा एक माणूस असतो, हे माझ्या कल्पनेत कधी नव्हतं. तो त्या कामाला का गेला हे मी विचारायची गरज नव्हती. आणि आमच्या झऱ्यापाशी त्याचे हात बांधलेले होते. त्याला ते किती जड गेलं असेल, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

संध्याकाळी समारोपाची बैठक झाली. कराराचं उल्लंघन नाही, सहकार्य चांगलं मिळालं. हस्तांदोलनं झाली. शेठनी उल्हासनगरहून मिठाई मागवली होती. फरहादने निघताना माझा हात हातात घेतला, तेवढंच.

गाड्या गेटबाहेर गेल्यावर मी शेठना म्हटलं की पिंपं हलवायला हवीत, आणि वाडीला झऱ्याचं पाणी पिऊ नका असं सांगायला हवं, आज. शेठ मिठाईचा खोका पुढे करत होते. हात तसाच राहिला.

“मॅडम, हेगवाल्यांनी पास केलं. तुम्ही नापास करणार?”

ते युद्ध बघायला आले होते, मी म्हटलं. हे बघायला ते कधीच येणार नाहीत. हे आपणच बघायचं.

हळूहळू करू, त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर. आता गवगवा करू नका, कामगारांच्या पोटाचा विचार करा. ते अगदीच खोटं नव्हतं. कारखाना बंद पडला असता तर शेकडो घरांत चूल अडली असती, आणि त्यांतली काही त्याच वाडीतली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी बाटल्या घेऊन उताराने खाली गेले. भात कापणीला आलं होतं. बांधावरून चालताना लोंब्या हाताला लागत होत्या. झऱ्याचं पाणी काचेसारखं नितळ. तळाचा प्रत्येक खडा दिसत होता. मी नमुना घेतला, ओळखीच्या एका प्रयोगशाळेत नेला आणि माझ्या डोळ्यांनी तपासणीचा आलेख बघितला. आमच्या गाळात जे होतं ते पाण्यात होतं. थोडं होतं, पण होतं.

जनाबाईला सांगायला गेले तेव्हा ती अंगण सारवत होती. शेजारणी जमल्या. मी सांगत होते आणि त्या माझ्याकडे, वेडी झाली की काय अशा बघत होत्या.

“पानी तं नितळ हाय,” एक म्हातारी म्हणाली.

नितळ आहे, मी म्हटलं, पण पिऊ नका. पोरांना देऊ नका. आधी त्यांनी ऐकलं नाही. मग एका सुनेने विचारलं की पोरांच्या पायांवर खरूज येते, ती यानेच का? दुसरीने गाभडलेल्या गाईचं काढलं. मला त्यांची उत्तरं देता येईनात, कारण यानेच झालं असं छातीठोकपणे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि याने झालं नाही असं सांगायलाही काही नव्हतं. जनाबाईचे हात शेणाने भरलेले तसेच होते.

“मी रोज तिथं झाडते,” ती म्हणाली. “तं मला तुमी आज सांगता.”

मला आधी माहीत नव्हतं, हे मी सांगितलं. तिने ते मानलं की नाही, मला कळलं नाही.

सोमवारी सकाळी गेटसमोर वाडीतल्या बाया येऊन बसल्या. प्रत्येकीपुढे रिकामा हंडा. कोणी घोषणा दिल्या नाहीत. कोणी गेट अडवलं नाही. पाळीचे कामगार त्यांच्यामधून वाट काढत आत जायचे आणि खाली बघायचे. कडक ऊन होतं, आश्विनाचं, डोक्यावर टोपलं ठेवल्यासारखं. दुपारपर्यंत कुळगावातून पत्रकार आले, पुढारी आले. संध्याकाळी शेठनी मला बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांचे डोळे लाल होते. “आपण एका घरातले होतो,” एवढं म्हणाले.

बायका दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. मग सरकारी माणसं आली. शेडला सील लागलं, काही महिने कारखाना अर्धा बंद राहिला. कामगारांतले दोघे-तिघे मला बाजारात भेटले आणि तोंड फिरवून गेले. ते बरोबर होते की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. थंडीत बंद गाड्या आल्या आणि पिंपं तळोज्याकडे गेली, जिथे असला कचरा जाळायची सोय आहे. नंतर गाळ मुरलेली मातीही खणून नेली. शेठनी सगळं केलं. करावं लागलं म्हणून केलं, पण एकदा हातात घेतल्यावर टाळाटाळ केली नाही, हेही सांगायला हवं.

वाडीला आधी टँकर आला, मग नळ. नळाला पाणी कधी येतं, कधी नाही. मी बरेच दिवस घरी होते. पुढे अंबरनाथला मुलांना रसायनशास्त्र शिकवायला लागले, आणि दर आश्विनात झऱ्याचा नमुना घेऊन तपासायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. जमिनीत मुरलेलं काय आणि किती वर्षांत धुऊन निघतं, हे कोणत्याच पुस्तकात नेमकं लिहिलेलं नाही. मागल्या वर्षी पहिल्यांदा पाणी स्वच्छ निघालं. माझा विश्वास बसला नाही. यंदा वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दिलं. सगळीकडून तेच आलं.

परवा मी वाडीवर गेले. कापणी चालू होती. टीव्हीवरच्या बातम्या इथेही पोचल्या होत्या, कुणाच्या तरी मोबाईलवर. आता कमरेत वाकलेल्या जनाबाईने मला विचारलं की ते खोकणारे सायेब जिवंत आहेत का. मला माहीत नाही, मी म्हटलं. पण त्यांच्या जागी कोणीतरी फिरत असेलच. कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी पाइपाखाली.

मग मी पाण्याचं सांगितलं. बायका विळे ठेवून झऱ्यापाशी जमल्या. किती वर्षांत कोणी तिथे हंडा बुडवला नव्हता. कडेने शेवाळ आलं होतं, मध्ये पाणी तसंच, काचेसारखं. मी प्रयोगशाळांनी काय सांगितलं ते समजावलं. कोणी पुढे झालं नाही. पाण्यात काही दिसत नव्हतं तेव्हाच मी पिऊ नका म्हटलं होतं, आणि आजही त्यात काही दिसत नव्हतं.

जनाबाईने एका पोरीच्या हातून पितळी तांब्या घेतला, घासला, बुडवून भरला आणि माझ्यासमोर धरला.

“तू पी,” ती म्हणाली. “मंग आमी.”

आलेख माझ्या पिशवीत होते. आकडे मला पाठ होते. तरी तांब्या हातात घेतल्यावर मी आधी त्याच्या तळाशी बघितलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तांब्या गार होता. मी तो तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत प्यायले. पाण्याला गोडी होती. जनाबाईने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला, पुन्हा भरला, आणि या वेळी स्वतःच्या तोंडाला लावला.